गवताच्या माळ्यावरून मैदानावर

मंडळी, केशोरीच्या बाजूला आषाढ लागला आणि धानाची रोवणी सुरू झाली, की एक गोष्ट बघायला मिळते. शाळेत जाणारी एखादी पोर सकाळी पऱ्हे उपटते, दुपारभर बांधीत वाकून रोवणी करते आणि तरीही संध्याकाळी भावाशी धावण्याची पैज लावण्याइतका जोर तिच्या अंगात शिल्लक असतो. हा जोर पुढे जातो कुठे? बारावी झाली, घरात लग्नाची बोलणी निघाली, की खेळ संपला. तो कोणी बंद केला असे नाही. तो चालू ठेवायला कोणी उभे राहिले नाही, एवढेच.

आज तुम्हांला अशाच एका शेतकऱ्याच्या मुलीची हकीकत सांगायची आहे. मुलगी आपल्या मुलखातली नाही, अमेरिकेतली आहे. पण तिच्या बापाने काय केले ते ऐकाल, तेव्हा ती तुम्हांला परकी वाटणार नाही.

तिचे नाव पॅट. माहेरचे आडनाव हेड, सासरचे समिट. जन्म १४ जून १९५२ चा, टेनेसी राज्यातला. घरी दुभती जनावरे, तंबाखूचे पीक आणि गवताची कापणी. तीन थोरल्या भावांच्या बरोबरीने तिलाही कामाला जुंपलेले असे. काम आटोपले म्हणजे ही भावंडे गवताच्या माळ्यावर चढत आणि तिथे टांगलेल्या कड्यात चेंडू टाकण्याचा खेळ मांडत. आपल्याकडे तणसीच्या ढिगावर पोरे उड्या मारतात ना, तसाच तो प्रकार. बहीण म्हणून भाऊ तिला सूट देत नसत. पुढे ती जी घडली, त्याची पहिली शाळा हा माळा होता.

पुढे अडचण आली. ज्या हायस्कुलात तिला जायचे होते तिथे मुलींचा बास्केटबॉलचा संघच नव्हता. बाप कडक, बोलायला कमी. त्याने काय करावे? शेजारच्या परगण्यातल्या शाळेत मुलींचा संघ होता, म्हणून त्याने बिऱ्हाडच तिकडे हलवले! मुलाच्या शिक्षणासाठी घर हलवणारे पुष्कळ बाप आपण पाहिले आहेत. मुलीच्या खेळासाठी घर हलवणारा बाप तुमच्या पाहण्यात आहे का?

आता खेळाविषयी दोन शब्द. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ च्या हिवाळ्यात हा खेळ काढला. बाहेर बर्फ, विद्यार्थी आत कोंडलेले. म्हणून त्याने दहा फूट उंचीवर फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींच्या स्मिथ कॉलेजात नेला. पण बायकांना इतके धावणे झेपणार नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणून मुलींसाठी मैदानाचे भाग पाडले आणि आपला भाग सोडून जायची मनाई केली. टेनेसीच्या शाळांत तर १९७९ पर्यंत मुलींनी अर्ध्याच मैदानावर खेळायचे, अशी रीत होती. तीन जणी एका बाजूला, तीन जणी दुसऱ्या बाजूला. मधली रेघ ओलांडायची नाही. त्या रेघेविरुद्ध बोलणाऱ्यांत पॅटही होती.

१९७४ साली टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची शिक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली. वय अवघे बावीस. काही खेळाडू तिच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाचे गणवेश आदल्या वर्षी गोड वडे विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. ते धुवायचे पॅटनेच, आणि दुसऱ्या गावी सामना असला तर गाडीही तिनेच हाकायची. शिवाय स्वतःचा अभ्यास होताच. आणि पहिला सामना? तो ती हरली. ८४ विरुद्ध ८३, एका गुणाने!

गुडघ्याची मोठी दुखापत सोसून १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये ती स्वतः खेळली आणि रौप्यपदक घेऊन आली. १९८४ साली लॉस एंजेलिसला तिने शिकवलेल्या अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. कॉलेजच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी मात्र तिला १९८७ सालापर्यंत थांबावे लागले. धान चार महिन्यांत हाती येते, माणूस घडायला वेळ लागतो. पण एकदा खळे लागले ते लागलेच. एकूण आठ अजिंक्यपदे तिच्या वाट्याला आली. १९९७-९८ च्या हंगामात तिच्या मुलींनी ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. अडतीस वर्षांत १०९८ विजय, २०८ पराभव आणि जिंकण्यापेक्षा हार जास्त असा एकही हंगाम नाही. हा विजयांचा आकडा पुढे २०२० साली दुसऱ्या एका शिक्षिकेने, टॅरा व्हॅनडरव्हीरने, मागे टाकला. पॅटने पाडलेली वाट वाहती राहिली, असाच त्याचा अर्थ.

आता तिच्या शिस्तीचे सांगतो. वर्गात तिच्या खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांतच बसायचे. विनाकारण तास बुडवला तर सामन्यात जागा नाही, मग ती संघातली सर्वांत तेज मुलगी का असेना. याचे फळ असे, की खेळाची वर्षे तिच्या हाताखाली पुरी केलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. ‘खेळाने अभ्यास बुडतो’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

२०११ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तिला विस्मृतीचा आजार जडल्याचे निदान झाले. ज्या बाईने हजारो डाव डोक्यात साठवले, तिच्याच आठवणी निसटू लागल्या. तिने हे लपवले नाही. लोकांना उघड सांगितले, सहकाऱ्यांच्या मदतीने आणखी एक हंगाम संघ चालवला आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये जागा सोडली. या रोगाशी झगडण्यासाठी तिने एक संस्थाही उभारली. २८ जून २०१६ रोजी ती गेली. तिच्या हाताखालच्या कितीतरी मुली आज स्वतःच शिक्षिका होऊन दुसऱ्या मुलींना घडवीत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतले हे केशोरीत कसे व्हावे? मी म्हणतो, सुरुवात तर महाग नाही. सपाट केलेली जागा, दोन खांब, दहा फुटांवर दोन कडी आणि एक चेंडू. दुर्मीळ आहे ती रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभी राहणारी बाई. तीही आपल्याच मुलींतून निघेल. शारीरिक शिक्षण घ्यायला सातासमुद्रापलीकडे जायला नको. १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच विदर्भात, अमरावतीला आहे. तिथे या विषयाचे महाविद्यालय आहे. रोवणीला आणि मिरची तोडायला जी पोर मागे राहत नाही, ती तिथेही मागे राहणार नाही.

पण त्याआधी कोणी तरी बापाने मनाचे बिऱ्हाड हलवायला हवे. घर हलवू नका हवे तर. संध्याकाळी एक तास मुलीला घरकामातून मोकळी करा. मैदानाच्या मधली ती रेघ पुष्कळदा आपल्या उंबरठ्यावरच आखलेली असते. ती पुसणे आपल्याच हातात आहे, नाही का?