लहान व्यवसायाचा उद्देशलेख

(पौड, ता. मुळशी येथे सरपंच, शिक्षक, पंचायत सदस्य व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शब्द लिहिणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. योजनांची घोषवाक्ये, भित्तिपत्रके आणि पुस्तिका यांत माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे काही वर्षांपूर्वी याच भागातील, तांदूळ विकणाऱ्या एका महिला बचत गटाने कर्जप्रस्तावास जोडण्यासाठी आपल्या व्यवसायाचा उद्देश दोन ओळींत लिहून मागितला, तेव्हा मी ते काम अर्ध्या तासात हातावेगळे केले. ‘गुणवत्ता, सचोटी व सेवा या त्रिसूत्रीच्या आधारे ग्रामीण महिलांचा सर्वांगीण उत्कर्ष साधणे’ असे ते वाक्य होते. गटाच्या सभेत ते वाचून दाखविले, तेव्हा एका वयस्क भगिनीने विचारले, “साहेब, यात आमचा तांदूळ कुठं आहे?”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे मर्म पुढे दिवाळीच्या सुमारास कळले. एका व्यापाऱ्याने गटापुढे प्रस्ताव ठेवला. गटाच्या आंबेमोहराच्या पिशवीत बाहेरचा, तसाच दिसणारा स्वस्त तांदूळ निम्मा मिसळावा; तो तांदूळ तोच पुरवील आणि विक्रीही तोच करील. घरोघरी पैशाची निकड होती. माझे वाक्य चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले होते. परंतु हा प्रस्ताव स्वीकारावा की नाकारावा, याविषयी ते एक अक्षरही सांगत नव्हते. दोन सभा वादात गेल्या. अखेर गटाने प्रस्ताव नाकारला आणि त्याच सभेत माझी चौकट उतरवून स्वतःचे वाक्य लिहिले:

‘आमच्या व शेजारच्या शेतांतला आंबेमोहर आणि इंद्रायणी आम्ही पुण्यातल्या घरांना विकतो. पिशवीत जो तांदूळ, तेच नाव पिशवीवर. मिसळ करणार नाही. भात देणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे पंधरा दिवसांत देऊ.’

इंग्रजीत ज्याला ‘मिशन स्टेटमेंट’ म्हणतात, त्यालाच आपण उद्देशलेख म्हणू. घोषवाक्य हे गिऱ्हाइकासाठी असते. उद्देशलेख हा प्रथम आपल्या स्वतःसाठी असतो. अडचणीच्या दिवशी निर्णय घेताना ज्याचा आधार घेता येतो, तो खरा उद्देशलेख.

या वाक्याचे मोल मुळशी-मावळच्या शेतकऱ्यास अधिक सांगावयास नको. आंबेमोहराचे पीक उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते. म्हणूनच त्याचा भाव चढा असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण विकसित केले आणि 1987 साली ते प्रसारित झाले. दोन्ही तांदूळ चांगले आहेत. परंतु एकाच्या नावाने दुसरा विकला गेला, तर दोघांचीही पत जाते. 2016 साली आंबेमोहरास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. पिशवी भरणाऱ्या हातांचा प्रामाणिकपणा मात्र ज्याचा त्यालाच राखावा लागतो.

आपल्या राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण लिज्जत पापडाचे आहे. दिनांक 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलकी प्रत स्वस्तात विकण्याचा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की एकच उत्तम प्रत ठेवा आणि तिच्याशी तडजोड करू नका. देणगी घ्यावयाची नाही, काम करणारी प्रत्येक भगिनी ही संस्थेची सहमालक, हीही तत्त्वे त्यांनी ठरविली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने थांबले. दुसऱ्या वर्षी खाट आणि शेगडी घेऊन त्यांनी त्यावर उपाय काढला. साधने बदलली, तत्त्वे बदलली नाहीत. 1966 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. म्हणजे कायद्याचा कागद सात वर्षांनी आला. उद्देश आधीच ठरलेला होता.

थोडक्या शब्दांत निश्चय सांगण्याची रीत या तालुक्यास नवी नाही. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांचे ब्रीद होते ‘जान किंवा जमीन’. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. तरी ते तीन शब्द आजही लोकांच्या स्मरणात आहेत. काय सोडावयाचे नाही, हे त्यांत स्पष्ट होते.

उद्देशलेख लिहिताना गटाने सभेत चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आपण नेमके काय करतो? कोणासाठी करतो? ज्यांच्याकडून माल वा श्रम घेतो, त्यांना काय देणे लागतो? आणि नफा होत असला, तरी काय करणार नाही? चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो टाळू नये. उत्तरे बोलीभाषेत, पन्नास शब्दांच्या आत असावीत. नंतर एक कसोटी लावावी. व्यवसायाचे नाव झाकून ते वाक्य वाचावे. ते पिठाच्या गिरणीस, शिवणवर्गास आणि दुग्धसंस्थेस सारखेच लागू पडत असेल, तर पुन्हा लिहावे. ठराव करून ते इतिवृत्तात नोंदवावे आणि दरवर्षी हिशेबाबरोबर सभेत वाचावे.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की आपण शुद्धलेखन अवश्य तपासावे, परंतु वाक्य गटाचेच राहू द्यावे. मी केलेली चूक आपण करू नये. सरपंचांनी व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत अशा लेखांचे वाचन घडवून आणावे. चारचौघांत उच्चारलेला शब्द मोडणे कठीण जाते.

त्या वर्षी त्या गटाची विक्री व्यापाऱ्याने दाखविलेल्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही, हे मी लपवीत नाही. उद्देशलेख लिहिल्याने पैसा येत नाही. परंतु आजही त्या पिशवीवर जे नाव छापलेले असते, तोच तांदूळ आत असतो. त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. आपापल्या गावातील व्यवसायांना आपण तोच प्रश्न विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.