घरच्या संगणकावरील आगंतुक
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)

मी या विषयातली तज्ज्ञ नव्हे. ज्याला ठेच लागली त्याने मागच्याला दगड दाखवावा, एवढ्याच अधिकाराने बोलते.

गेल्या श्रावणात दुपारची कामे आटोपून मी संगणकावर पाककृती पाहत होते. पडद्यावर चौकट आली, 'पुढे जाण्यास अनुमती द्या.' मी विचार न करता 'अलाउ'वर टिचकी मारली. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात निरोप येऊ लागले, 'संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' घाबरून मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने गोड बोलून कार्डाचा क्रमांक विचारला. मी कार्ड हातात घेतले, इतक्यात सूनबाई आली आणि तिने फोन ठेवायला लावला. थोडक्यात निभावले! कडी मीच काढून दिली होती, दोष कोणाला द्यावा?

ही पीडा जुनी आहे. १९९० नंतरच्या दशकात ईथन झुकरमन यांनी ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी जाहिरातीची वेगळी खिडकी उघडणारी युक्ती लिहिली. २०१४ साली त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमाही मागितली. पुढे ब्राउझर अशा खिडक्या अडवू लागले, तेव्हा लबाड मंडळी आपल्याकडूनच अनुमती घेऊन आत शिरू लागली.

सूनबाईने शिकवलेला उपाय टिपून घ्या. क्रोममध्ये वर उजवीकडील तीन टिंबे दाबून 'सेटिंग्ज', मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज' आणि 'नोटिफिकेशन्स' उघडावे. अनुमती दिलेल्यांची यादी तेथे दिसते. अनोळखी नावापुढील टिंबे दाबून 'ब्लॉक' करावे. 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स' हेही बंदच ठेवावे. एखादी सूचना सारा पडदा व्यापून बसली, तर विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात आणि येणाऱ्या यादीतून ब्राउझर बंद करावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, हे ध्यानात असू द्यावे.

पैसे गेलेच, तर 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दारावर अनोळखी माणूस आला की आपण आधी 'कोण?' म्हणून विचारतो. संगणकाच्या दारीही तेवढेच विचारायचे आहे.