अडुळसा आणि पेनिसिलिन

घरांत कोणास खोकला झाला, कीं सोलापुरांतील आजीबाई अडुळशाचीं पानें शोधूं लागतात; नातू मात्र औषधांच्या दुकानांतून अँटिबायॉटिकच्या गोळ्या आणतो. हेतु दोघांचाही चांगला, पण चूक दोघांच्याही हातून होण्याचा संभव असतो.

अडुळशांत वासिसीन नांवाचें द्रव्य आहे. त्यावरूनच पुढें ब्रोम्हेक्सीन हें कफ पातळ करणारें औषध सिद्ध झालें. तेव्हां काढा ही निव्वळ समजूत नव्हे. परंतु कफ सुटणें निराळें आणि न्यूमोनियाचे जंतु मरणें निराळें. एक ते पांच वर्षांचें मूल मिनिटास ४० किंवा अधिक वेळां श्वास घेऊं लागलें, अथवा श्वासागणिक त्याची छाती खालीं आंत ओढली जाऊं लागली, तर काढा उकळीत न बसतां डॉक्टरांस तात्काळ गांठावें.

उलटपक्षीं, साधें पडसें विषाणूंमुळें होतें. त्यावर अँटिबायॉटिक चालत नाहीं. १९२८ सालीं पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनींच १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत इशारा दिला होता, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, ते औषधास सरावतात. म्हणूनच कित्येक प्रबळ अँटिबायॉटिकें चिठ्ठी पाहून व वहींत नोंदवूनच विकावीं, असा नियम २०१४ पासून आहे.

चादरींच्या कारखान्यांत सुताच्या धुळीनें जडलेल्या खोकल्याचें मूळ तर दोहोंनींही जात नाहीं. तेथें धूळच टाळावी लागते. आणि दोन आठवडे न हटणाऱ्या खोकल्यांत क्षयाची शंका धरून थुंकी तपासून घ्यावी.

औषध परसांतलें असो वा दुकानांतलें, आधीं रोग ओळखावा, मग तें द्यावें.