हृदयरक्षण आणि पानाची डावी बाजू



पंगतीत केळीच्या पानावर प्रथम मीठ वाढले जाते. ते चिमूटभरच असते. परंतु त्याच डाव्या बाजूस लोणचे, चटणी, पापड येऊन बसतात आणि मिठाचे माप तेथेच चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ मनुष्याने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. एवढ्याने चहाचा चमचाही पुरता भरत नाही. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो व हृदयावर अहोरात्र भार पडतो. उपवासाचे सैंधव निर्दोष, ही समजूत भाबडी होय. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दुसरा पापड नाकारण्यास मात्र कोणाची अनुज्ञा लागत नाही!

आयुर्वेदाने हृद्रोगावर अर्जुनाची साल सांगितली आहे. दूध व पाणी एकत्र करून, पाणी आटेपर्यंत ती त्यात उकळतात. पार्थाचे नाव धारण करणारा हा वृक्ष थोर खरा. तथापि त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे घातक होय. साल घेणाऱ्याने वैद्य आणि डॉक्टर या दोघांसही तसे सांगावे. छातीत कळ येऊन हातात उतरू लागली, दरदरून घाम फुटला, तर काढा उकळीत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.