गॅस ‘उडाला’ म्हणजे काय झालं?

जुन्या मोटारीचा एसी थंड करेनासा झाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘‘गॅस उडालाय, भरावा लागेल.’’ शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला हा ‘उडाला’ खटकतो. अत्तर उडतं, रंग उडतो, झोप उडते. एसीतला गॅस मात्र बंद नळ्यांमधून गोल फिरत असतो. पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, तेवढं सोडा. पण एका उन्हाळ्यात तो संपला असेल तर कुठून तरी गळतो आहे, आणि ती जागा न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा जुनी डिझेल मोटार भाड्यानं चालवतो. आठवड्यातून दोनदा तो अक्कलकोटकडच्या एका पेशंटला डायलिसिससाठी सोलापुरात आणतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि अशा पेशंटना पाणी मोजून प्यावं लागतं. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावता येत नाही. त्या गाडीतल्या एसीला चैन कोण म्हणेल? एका उन्हाळ्यात त्या पोरानं तीनदा गॅस भरून घेतला. ‘‘चाचा, एसी आहे म्हणून भाडं मिळतं, आणि ते भाडं एसीच खातोय,’’ असं तो म्हणाला.

खरं तर एसी थंडी तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल उष्णता उचलते, रेडिएटरपुढचा कंडेन्सर ती बाहेर सोडतो आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅसला दोन्हींमधून फिरवतो. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं निदान फुकटात होतं.

सुरुवात कानानं करावी. इंजिन चालू ठेवून, ब्लोअर लावून एसीचं बटण दाबा. बॉनेटखाली ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसरची पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागली पाहिजे. तसं झालं नाही तर आधी फ्यूज बघा. तो ठीक असेल तर एसीचा रिले काढून त्याच्याच जातीचा दुसरा, समजा हॉर्नचा, तिथे लावून बघा. याला एक पैसा लागत नाही. मग टेस्ट लॅम्प घेऊन कॉम्प्रेसरच्या वायरीला करंट येतो का ते पाहायचं. करंट येऊनही चकती ओढली जात नसेल तर दोष क्लचमध्ये. करंटच येत नसेल तर वायरिंगमध्ये किंवा प्रेशर स्विचमध्ये. गॅस फार कमी झाला की हाच स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही.

कॉम्प्रेसर फिरतोय, तरी थंडावा नाही? मग गाडी कधी गार होते ते आठवा. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम, असं असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा जाळीत साचलेल्या धुळीवर घ्यावा. गाडी उभी असताना पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर दोन-तीन तांबे पाणी ओता. पंख्याच्या जवळ हात नेऊ नका, तो केव्हाही सुरू होतो. पाणी पडताच आत गारवा वाढला तर उष्णता बाहेर जात नव्हती, हे सिद्ध झालं. पंखा दुरुस्त करायचा आणि कंडेन्सर हलक्या धारेनं धुवायचा. जोराच्या धारेनं त्याची पाती वाकतात.

सुरुवातीला छान गार आणि अर्ध्या तासानं झडपेतून वाराच कमी येतो, हा वेगळा आजार. कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो. एसी दहा मिनिटं बंद ठेवून फक्त ब्लोअर चालवला आणि वारा परत आला की ओळखावं. तिथे थर्मोस्टॅट, कॉइलमधला कचरा आणि फिल्टर असेल तर तोही तपासायचा. आणखी एक साधी गोष्ट: हीटरचा दांडा पूर्ण थंडवर आहे ना? जुन्या गाड्यांत त्याची केबल सैल होते, आणि हीटर व एसी एकमेकांशी भांडत बसतात.

आता गळती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. इंजिन बंद करून जोडांवर साबणाचा फेस लावावा. त्या पोराच्या गाडीत फेस फुगला तो गॅस भरण्याच्या तोंडाशी. टायरच्या व्हॉल्व्हसारखी आत पिन असते, ती गळत होती आणि वरचं टोपणही हरवलेलं होतं. तीनदा गॅस त्याच तोंडातून भरला गेला होता! पिन बदलण्याचा खर्च गॅसच्या मानानं किरकोळ आला.

मात्र फेसापलीकडे स्वतः नळी उघडू नका. सध्याच्या बहुतेक जुन्या मोटारींतला आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्याला इजा होते. हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. स्वस्तात पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणाला तर गाडी घेऊन सरळ निघून या. कूलिंग कॉइल आपण बसतो तिथेच असते आणि तो पेटतो.

गॅरेजमध्ये हाय आणि लो अशी दोन्ही गेज लावायला सांगा, आणि तीही इंजिन व एसी चालू असताना. दोन्ही काटे कमी दाखवत असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा किंवा कंडेन्सर कोंडलेला. लो वर आणि हाय खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. इंजिन बंद असताना काटा दाखवून ‘‘बघा, कमी आहे’’ म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका. गॅस द्रवरूपात थोडा जरी शिल्लक असला तरी बंद गाडीतला दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. भरताना आधी व्हॅक्यूम करून, वजन करून भरायला सांगा. आकडा बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. लहान मोटारीत अर्ध्या किलोच्या आसपास गॅस लागतो आणि जादा भरला तरी गारवा कमीच होतो.

रत्नागिरीच्या लोकांनी सोलापूरच्या गाडीशी तुलना करू नये. दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, त्यामुळे धडधाकट एसीही तिथे मंद वाटतो. आणि पावसाळ्यात, हिवाळ्यात एसी बंद ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवला की तेल फिरतं, कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही, आणि पावसात काचेवरचं धुकंही जातं.