चेहऱ्याला काय लावता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



त्वचेची तक्रार घेऊन कुणीही माझ्याकडे आलं की मी पहिला प्रश्न विचारते, ‘चेहऱ्याला काय लावता?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं, ‘काही नाही हो, साधं क्रीम.’ मग मी म्हणते, ‘पुढच्या वेळी येताना ते साधं क्रीम घेऊन या.’

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. चेहरा लालबुंद, गालांवर बारीक पुरळ, हनुवटीवर लव वाढलेली. उन्हात गेलं की आग व्हायची. पर्समधून तिने एक छोटी ट्यूब काढली. मैत्रिणीने सांगितलं म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली, वर्षभर रोज रात्री लावलेली. ‘पहिल्या पंधरा दिवसांत काय उजळली होती म्हणून सांगू!’ आई म्हणाली. ‘आता एक दिवस नाही लावलं तरी तोंड पेटतं.’

त्या ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : मोमेटासोन. हे स्टिरॉइड आहे. इसब किंवा तत्सम विकारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरतं वापरलं तर ते उत्तम औषध आहे. पण गोरं होण्यासाठी महिनोन्महिने चेहऱ्याला चोळलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं उठतात, लव वाढते. आणि बंद केलं की सगळं उसळून वर येतं. त्यामुळे माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. व्यसनासारखंच हे चक्र. 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती हातोहात मिळतात, हे आपण सगळेच जाणतो.

दुसरा धोका पाऱ्याचा. गोरेपणाच्या काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून अंगात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाचा विकार झालेले असे रुग्ण आढळले होते. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, ती चेहऱ्याजवळ आणूच नका.

आता घरगुती उपायांकडे वळते. ‘घरातलंच आहे, त्याने काय होतंय?’ असं आपण म्हणतो. लिंबाचं घ्या. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हाशी संयोग पावली की त्वचा भाजते. नंतर तिथे काळे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. म्हणजे डाग घालवायला लिंबू चोळायचं आणि नवे डाग पदरात पाडून घ्यायचे. टूथपेस्टचंही तेच. मुरुमावर लावली की आग होते, आणि ‘आग होतेय म्हणजे गुण येतोय’ असं वाटतं. आग होणं म्हणजे त्वचेने केलेली तक्रार असते. डाळीचं पीठ, साय, हळद यांचा कधीमधी लेप लावायला माझी हरकत नाही. सोसत असेल तर लावा. पण त्याने रंग बदलेल ही आशा ठेवू नका. आणि हळदीचीही काहींना ॲलर्जी असते.

‘पोटात उष्णता झाली म्हणून तोंडावर पुटकुळ्या आल्या’, ‘रक्त अशुद्ध झालंय’, ही वाक्यं तर घरोघरी ऐकू येतात. तारुण्यपीटिका येतात त्या संप्रेरकांमुळे. तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. रक्त बिचारं शुद्धच असतं. म्हणून दिवसातून दहादा तोंड धुऊन किंवा खरखरीत स्क्रबने घासून मुरुमं जात नाहीत, उलट चिडतात. औषधाचा गुण दिसायलाही सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत ट्यूब बदलणाऱ्याला कुठलंच औषध लागू पडत नाही. मुलीची पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर केसही वाढत असतील, तर मात्र कारण बीजकोशांशी निगडित असू शकतं. तपासणी करून घ्या.

आणखी एक गैरसमज मला फार टोचतो. मान काळी दिसली की आई मुलाला दगडाने घासून आंघोळ घालते, ‘मळ साचलाय’ म्हणून. मानेवर, काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाला घासू नका. त्याचं वजन पाहा, साखर तपासून घ्या. पुढे येणाऱ्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना असू शकते.

तसेच मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे. ‘जंत झालेत’, ‘कॅल्शियम कमी पडलंय’ असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती नुसती कोरडी त्वचा असते, साध्या मलमाने आणि धीराने बरी होते. पण अंगावरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, तर तिथे बधिरपणा आहे, आणि तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, लपवूही नका. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे उपचार मोफत मिळतात आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

बायकांसाठी एक गोष्ट. कपाळावर टिकली लावायच्या जागी पांढरा ठिपका पडला, तर टिकलीचा गोंद त्याला कारण असू शकतो. कुंकवातल्या रंगांमुळे तिथे काळसर डागही पडतो. अशा वेळी टिकली किंवा कुंकू ताबडतोब बंद करा आणि दाखवून घ्या. सौभाग्याला त्याने काही होत नाही, एवढं सासूबाईंना मी स्वतः समजावून सांगते.

मग रोज करायचं तरी काय? फक्त तीन गोष्टी.

पहिली, धुणं. सकाळी आणि रात्री, दोनदा पुरे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास. साबणाचा नऊ-दहा. म्हणून अंगाचा साबण चेहऱ्याला लावून तो ताणल्यासारखा होत असेल तर सौम्य फेसवॉश घ्या. तोंड टॉवेलने टिपा, रगडू नका.

दुसरी, ओलावा. तोंड धुतल्यावर, आंघोळ झाल्यावर त्वचा जराशी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. महाग हवं असं नाही. अंगाला, टाचांना साधं पेट्रोलियम जेलीही उत्तम काम देते. खोबरेल तेल कोरड्या अंगाला छान, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला नको. तेलकट त्वचेलाही ओलावा लागतो. तिच्यासाठी हलकं, तेलविरहित मॉइश्चरायझर मिळतं.

तिसरी, ऊन. ‘आम्ही सावळे, आम्हाला सनस्क्रीन कशाला?’ असं विचारतात. सावळ्या रंगाचं थोडं संरक्षण मिळतं हे खरं. पण वांग आणि मुरुमांचे डाग सावळ्या त्वचेवरच जास्त उमटतात आणि उन्हाने गडद होतात. एसपीएफ 30 पुरेसं आहे. ते त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवतं, 50 चं 98 टक्के. तेव्हा आकड्यापेक्षा लावायचं प्रमाण महत्त्वाचं. दोन बोटांवर लांबलचक रेघ काढाल एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. उन्हात राहिलात तर दोन-अडीच तासांनी पुन्हा लावा. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात. आणि छत्री, टोपी, ओढणी यांना तर रुपयाही जादा पडत नाही.

नवीन काही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, म्हणजे काही झालं तर गुन्हेगार कोण ते कळतं. आणि गरोदरपणात कुठलंही औषधी क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. स्टिरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावं लागतं. तिचे पहिले काही आठवडे वाईट गेले. लग्नाच्या फोटोत गाल लाल आहेत, असं ती स्वतःच सांगते. पण ट्यूब तिने पुन्हा हातात धरली नाही. सात-आठ महिन्यांनी आली तेव्हा आग थांबली होती, चेहरा शांत होता. रंग जन्मापासून होता तोच, सावळा. आई म्हणाली, ‘मॅडम, आधी होती तश्शी झाली बघा.’ ‘आधी’ तिचं काहीच बिघडलेलं नव्हतं, हे दोघींनाही एव्हाना कळलं होतं.

तेव्हा श्रोतेहो, एवढं करा. घरात चेहऱ्याला लावायची जी ट्यूब असेल तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं आणि ते कुणा डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर ती ट्यूब घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बरेच दिवस लावलेलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका. आणि शेजारच्या मुलीला, भाचीला, पुतणीला तर मुळीच देऊ नका.