कुलूप नसलेले गाव आणि कुलूप नसलेला कॅमेरा

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारे-कुलुपे नाहीत. २०११ साली युको बँकेनेही तेथे ‘कुलूपविरहित’ म्हणवली गेलेली शाखा उघडली. या निर्धास्तपणामागे श्रद्धा आहे, गावकऱ्यांची परस्परांशी ओळख आहे. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यासमोर मात्र गाव नसते. अनोळखी जग असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. म्हणून गृहनिर्माण संस्थेने कॅमेरे बसविताच पासवर्ड बदलावा. पदाधिकारी बदलले की तो पुन्हा बदलावा. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. कॅमेऱ्यांचे जाळे रहिवाशांच्या वायफायपासून वेगळे राखावे. विश्वास शेजाऱ्यावर अवश्य ठेवावा. यंत्राला मात्र कुलूप हवेच.